गुरुपादप्पांच्या शेजारी

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं आणि मडिवाळप्पाला वाटलं, ते बोट थेट आपल्या बापाच्या खांद्यावर पडलं. तो दचकला. दचकला म्हणजे हातातला कप बशीवर वाजला, एवढंच; पण शेजारच्या तहसीलदारांनी तेवढ्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने उगाच खोकून घेतलं. लातूरच्या कलेक्टर कचेरीतली ती बैठक होती. जिल्हा नवा, कोरा करकरीत. उस्मानाबादेतून वेगळा काढलेला, आणि वाटणीत धाकट्याच्या अंगावर जे पडायचं ते सगळं अंगावर पडलेला. मोडकी कपाटं, लंगड्या खुर्च्या, भाड्याची इमारत. फायलींवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून वर नवं लिहिता लिहिता कारकुनांचं पहिलं वर्ष संपलं, आणि मग पावसाने पाठ फिरवली. मांजरा आटली, तिरू आटली, विहिरींतून पाण्याऐवजी खडखडाट वर यायला लागला. अशा वेळी ही बाई आली होती, एका परदेशी संस्थेची बोअर पाडायची भली मोठी गाडी घेऊन. ती दगडांचं शास्त्र शिकलेली. मडिवाळप्पा बिराजदार हा जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठ्याचा उपअभियंता. सरकारकडून तिच्याबरोबर त्याला दिलेला. आज तिने बोट ठेवलं ते उदगीर तालुक्यातल्या बेलदरवाडीवर. ते मडिवाळप्पाचंच गाव. गावाच्या वरच्या अंगाला, गावठाण आणि पलीकडची दलित वस्ती यांच्या मधोमध, नकाशात एक तुकडा रिकामा होता. त्यावर बारीक अक्षरात 'गायरान' लिहिलेलं होतं. बाई म्हणाली, या गावाच्या पोटात पाणी असेल तर इथेच आहे, दुसरीकडे नाही. आणि मडिवाळप्पाला ठाऊक होतं की तो तुकडा रिकामा नाही. ती लिंगायतांची रुद्रभूमी. निजामाच्या काळापासून कुणी तशी नोंद केली नव्हती, म्हणून सरकारच्या लेखी तिथे गवत होतं. प्रत्यक्षात तिथे माणसं बसलेली होती. त्याच्या समाजात मेलेल्याला जाळत नाहीत, निजवतही नाहीत, बसवतात. त्याचा बाप गुरुपादप्पा तिथेच बसलेला होता.

'बिराजदार, तुमचाच भाग ना?' कलेक्टरसाहेबांनी विचारलं. 'जागेची काही अडचण?'

'नाही साहेब.'

'मग ना-हरकत देऊन टाका. सोमवारी गाडी नांदेडला जायची आहे, तिथल्या साहेबांना मी शब्द दिलाय. बेलदरवाडी त्याआधी झाली तर झाली.'

बाईने नकाशाची गुंडाळी करताना त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. गाडीत न बसता तो चालत गोलाईच्या बाजाराकडे निघाला. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. पाय नेत होते. गंजगोलाईच्या कमानींखाली सावली होती आणि सावलीत माणसं होती, पण बोलणं एकच: टँकर आला का, कुठे आला, कोण भांडलं. 'नाही साहेब' हे आपण का म्हणालो? त्याला स्वतःचाच राग आला. हरकत आहे म्हटलं असतं तर सगळ्यांच्या देखत बापाचं नाव घ्यावं लागलं असतं. सरकारी माणसाला बाप नसतो, असं तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून समजून चालला होता. बदली असते, वेतनश्रेणी असते, वरिष्ठ असतात. बाप घरी ठेवून यायचा. आणि दुसरंही होतं. हरकत घेऊन वरून गावाला तहानलेलं ठेवायचं, तेही स्वतःच्याच गावाला? म्हणजे होय म्हटलं तरी बोंब, नाही म्हटलं तरी बोंब. मध्ये सोमवार उभा होता.

बाईचं नाव उल्रिके. लोकांच्या जिभेला ते काही वळेना, म्हणून खेड्यापाड्यांतल्या बायांनी त्यातला 'उ' तेवढा ठेवून घेतला आणि तिची उमाबाई करून टाकली. तिलाही ते आवडलं असावं. साहेबांसमोरसुद्धा ती छातीवर हात ठेवून 'मैं उमाबाई' म्हणायची. मडिवाळप्पाला आधी ती अजिबात आवडली नव्हती. खरं तर सरकारलाच आवडली नव्हती. परदेशी माणूस, सोबत वायरलेस, जमिनीखाली काय आहे ते विचारत हिंडतो, म्हटल्यावर गृहखात्याने साध्या कपड्यातला एक माणूस तिच्या मागे लावला. तो बिचारा रोज झाडाखाली बसून नजर ठेवायचा. महिनाभरात नजर ठेवता ठेवता तो पाइप मोजायला लागला, आणि पुढे पाणी लागलं की सगळ्यांत आधी तोच ओरडायचा. वरच्यांना काय कळवत होता कोण जाणे! पण बाईने कधी कपाळाला आठी घातली नाही. सरकार म्हणालं, गावं आम्ही ठरवू. ती म्हणाली, ठरवा. सरकार म्हणालं, चौथरा आणि पंप आमचा. ती म्हणाली, बरं, पण मग बिघडला तर दुरुस्तीही तुमची, ती आताच ठरवा. यावर साहेब हसले होते आणि त्याच दिवशी त्यांनी दुरुस्तीला माणसं नेमली. एकदाच दोघांचं वाजलं. सरकारला प्रत्येक बोअरवर पाटी हवी होती, तिला नको होती. सरकारच्या नावाची लावा म्हणाली, आमची नको. साहेब म्हणाले, काम तुमचं असताना एकटं आमचं नाव लावायला आम्ही काय चोर आहोत? शेवटी कुणाचीच पाटी लागली नाही. मडिवाळप्पा त्या दिवशी दारात उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दोन मोठ्यांना नाव घेण्यावरून नव्हे, तर नाव सोडण्यावरून भांडताना पाहिलं, आणि त्याचा ऊर भरून आला. असं काही सरकारात घडू शकतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून तो तिच्याबरोबर उन्हात मनापासून उभा राहायला लागला.

आणि आज त्याच बाईशी तो खोटं बोलला होता. खोटं नव्हे, गप्प बसला होता. एका चहाच्या टपरीसमोर तो थांबला आणि काही न घेता पुढे गेला. त्याला खड्डा दिसायला लागला होता. बहात्तरचा दुष्काळ. तो तेव्हा कॉलेजात होता, बाप गेल्याची तार आली म्हणून गावी आला. जमीन अशी कडक की कुदळ मारली की ठिणगी उडायची. नागप्पाकाका आणि चारदोन जण आळीपाळीने खणत होते. बसलेल्या माणसाला खड्डा खोल लागतो, आणि आत बाजूला कोनाडा. घरात बापाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, डोळे मिटलेले, जणू आत्ता उठून दुकानाच्या किल्ल्या मागतील. अंघोळ घालायची होती आणि पाणी नव्हतं. आई घागरी उपड्या करून बघत होती. मग कुठूनतरी नागप्पाकाका एक कळशी घेऊन आले, अर्धी. त्या अर्ध्या कळशीत एका उंच, रुंद माणसाची शेवटची अंघोळ झाली. पाणी खांद्यापर्यंत पोचलं आणि संपलं. पाठ कोरडीच राहिली. ती कोरडी पाठ मडिवाळप्पाने पाहिली, आणि कदाचित म्हणूनच पुढे त्याने धरणं सोडून हे पाणीपुरवठ्याचं खातं धरलं. वर्गातले सोबती विष्णुपुरीच्या मोठ्या कामावर गेले, तो खेडोपाडी हातपंप मोजत राहिला. मग बापाला कोनाड्यात बसवलं, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, बेलाची पानं वाहिली, माती लोटली. त्या बसलेल्या माणसाशेजारी आता मशीन थडथडणार. त्याची बैठक हलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खोलीवर लिंगपूजा केली ती नेहमीसारखी कोरडीच. दुष्काळ सुरू झाल्यापासून तो लिंगाला नुसती विभूती लावत होता. शहरात घागरभर मिळणारं पाणी पूजेला घालवायला जीव होत नव्हता. मग एसटीने उदगीर आणि तिथून जीपने बेलदरवाडी. टँकर येऊन गेला होता. विहिरीच्या काठावर ओल तेवढी उरली होती आणि आई, दानम्मा, पायरीवर बसून कळशीच्या तळातलं गढूळ पाणी फडक्यातून गाळत होती.

'आलास? बस. चहा न्हाई हं, पाणी शिल्लक न्हाई.'

'अव्वा, उमाबाई आली होती का इकडं?'

'आली होती की. दोनदा आली. पयल्यांदा दगडं ठोकत हिंडली, दुसऱ्यांदा घरी आली. भाकर खाल्ली माझ्या हातची. लई गुणाची हाय. घागर उचलाया लागली तर म्या म्हनलं, राहू दे गं बाई, कमर मोडून घेशील.'

त्याने जमिनीकडे पाहत विचारलं, 'तिनं वरची जागा धरलीय. बोअरला.'

'ठाव हाय. मीच तर दावली तिला.'

मडिवाळप्पाने वर पाहिलं.

'अप्पा कुठं बसलेत ते?'

'हाव. सगळे कुठं कुठं बसलेत ते दावलं. तिनं हात जोडले, चपला भाईर काढल्या. मग म्या इचारलं, आता तू काय करून राहिली? मशीन लावणार का? तर मोडक्या हिंदीत म्हनली, जमीन सरकारची हाय, मानूस तुमचा हाय, मी पाव्हनी. तुम्ही दोघं मिळून सांगा, मग लावते. मी म्हनलं, सरकार म्हंजे कोण गं? तर हसली. म्हनली, तुमचा लेक.'

त्याच्या कानांत ऊन शिरल्यासारखं झालं. म्हणजे बैठकीत बोट ठेवलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिला दाखल्याची काहीच निकड नव्हती. ती उत्तर नकाशात नाही, त्याच्या चेहऱ्यात शोधत होती. आणि त्याने काय केलं, तर खोकून घेतलं! त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून एक नवल वर आलं: एवढ्या लांबून आलेली ही बाई, हिला सरकार म्हणजे इमारत वाटत नाही, शिक्का वाटत नाही, हिला सरकार म्हणजे दानम्माचा मुलगा वाटतो. त्याला स्वतःला हे कधीच वाटलं नव्हतं. साहेब दोन वर्षांनी बदलून जातील, बाई सोमवारी नांदेडला जाईल. पंप बिघडला की ज्याच्या दारात बाया येतील तो आपणच. मग सरकार आणखी कोण असणार?

नागप्पाकाका तेवढ्यात काठी टेकत आले. ते आता सरपंच होते, आणि बापाचे जन्माचे दोस्त. ते उभ्यानेच बोलले.

'मडिवाळप्पा, ऐकून राहिलो ते खरं का? गुरुपादप्पाच्या डोस्क्यावर मशीन चढवणार तू? त्याची समाधी खनलीय म्या, या हातानं. मठापाशी पाडा की बोअर, कोण नको म्हनतंय?'

'मठापाशी तिनं बघितलं काका. कोरडा दगड आहे.'

'मग ऱ्हाऊ द्या तहानलेले! आन तिथलं पाणी प्यायचं कसं? मसनातलं? वरून ती जागा वस्तीला लागून. म्हंजे सगळ्यांनी एकाच पंपाला हात लावायचा.' काकांचा आवाज चिरकला. रागापेक्षा त्यात दुःख जास्त होतं, हे मडिवाळप्पाला कळलं. अर्धी कळशी त्यांनीच आणली होती.

दानम्माने फडकं पिळलं. 'नागप्पा,' ती म्हणाली, 'लिंगवंताला सुतक न्हाई, हे जन्मभर कोण सांगत होतं? मानूस मेलं तरी इटाळ न्हाई, म्हनून भांडायचा तुझा दोस्त, साऱ्या गावाशी. मेलेल्याचाच इटाळ न्हाई तर त्याच्या शेजारच्या पाण्याला कुठला आला? आन वस्तीवरची पंचफुला माझ्यासंगं टँकरला उभी ऱ्हाती रोज. तिथं न्हाई बाटत, मग तिथं का बाटंल?' मग ती लेकाकडे वळली. 'पर म्या काय सांगायची? सांगायचं तुला हाय. सरकार म्हनून न्हाई, लेक म्हनूनबी न्हाई. दोन्ही मिळून सांग.'

तो उठून वर गेला. चिंचेखाली लहान लहान ओटे होते, प्रत्येकावर दगडी लिंग. बापाच्या ओट्याशी तो बसला. इथे नेहमी आलं की त्याला जमिनीखाली माणसांची बैठक भरली आहे असं वाटायचं. सगळे मांडी घालून, कुणालाही घाई नाही. आज त्याला पहिल्यांदा वाटलं, त्यांनाही तहान लागली असेल. जमीन तापली होती. हात टेकवला तर चटका बसला. ही माती अप्पांच्या पाठीला लागलेली, आणि ती पाठ कोरडी. चार हातांवर, खाली खोल, जर खरंच पाणी असेल, तर इतकी वर्षं अप्पा त्याच्या शेजारीच बसून आहेत. आणि आपण त्यांची बैठक हलेल म्हणून घाबरतो! उलट हाच माणूस उठून म्हणाला असता, लेका, अजून उशीर कशाला?

शनिवारी गाडी आली. तिच्यामागे धूळ, आणि धुळीमागे अख्खं गाव. उमाबाई उतरली, पण कुणाला काही सांगेना. चपला काढून बाजूला उभी राहिली आणि वाट बघत राहिली. गृहखात्याचा माणूसही चपला काढून उभा राहिला. तेव्हा मडिवाळप्पा पुढे झाला.

'ही जागा सरकारी कागदात गायरान आहे,' तो म्हणाला, 'पण ही रुद्रभूमी आहे. माझे वडील इथं आहेत. त्या ओट्याखाली. मी सरकारचा माणूस म्हणून सांगतो आणि त्यांचा मुलगा म्हणून सांगतो, त्यांच्या शेजारी बोअर पाडा. ओट्याला धक्का लागू देऊ नका.' मग बाईला कळावं म्हणून त्याने ते हिंदीत पुन्हा सांगितलं.

उमाबाईने मान हलवली. 'अब ठीक है,' ती म्हणाली. ओट्यापासून लांब सरकून, चिंचेच्या मुळाकडे, तिने टाचेने खूण केली.

मशीन सुरू झाली तशी जमीन थरथरायला लागली. दानम्मा नवऱ्याच्या ओट्याला पाठ लावून बसली, मूल घाबरू नये म्हणून आई बसते तशी. पांढरी धूळ उडाली. मग करडी. मग पुन्हा पांढरी. एकामागून एक पाइप आत गेले आणि वर येत राहिली ती धूळच. माणसांच्या भुवया, पापण्या, बायांची लुगडी, सगळं विभूती फासल्यासारखं झालं. दुपार कलली. यंत्रावरच्या माणसाने बाईकडे पाहिलं आणि हात हलवला: खोल गेलो, काही नाही. नागप्पाकाका काठी टेकून दूर उभे होते, आणि त्यांचं तोंड पडलेलं होतं. मडिवाळप्पाला वाटलं होतं की ते बघा म्हणतील, सांगितलं होतं म्हणतील. ते काहीच म्हणत नव्हते. त्यांनाही पाणी हवं होतं. बापाशेजारची भूमी फोडली आणि धूळ निघाली, असं सांगत आता जन्म काढायचा. उमाबाई खाली बसली, निघालेला चुरा तळहातावर घेतला, बोटाने चोळला, नाकाशी नेला, आणि शांतपणे म्हणाली, 'और एक पाइप.' तो पाइप गेला. आवाज बदलला. आधी धूळ बसली, मग चिखल उडाला, आणि मग गृहखात्याचा माणूस ओरडला.

गाडी सोमवारी ठरल्याप्रमाणे नांदेडला गेली. चौथरा आणि पंप सरकारने बसवला, ठरल्याप्रमाणेच. सुरुवात करायला साहेब लातूरहून आले, उमाबाई नांदेडहून आली, आणि तिथे अशी गंमत झाली की मडिवाळप्पा ती आयुष्यभर विसरणार नव्हता. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही पंप मारा, बोअर तुमची. बाई म्हणाली, नहीं, आप, गाव आपका. साहेब मागे सरकले, बाई त्याहून मागे सरकली. पंपाचा दांडा मधे एकटाच उभा, आणि भोवती बाया घागरी घेऊन उन्हात ताटकळलेल्या. पाटीवरून भांडले होते तेच दोघं, आता दांड्यावरून! मडिवाळप्पा कुणाला काय सांगावं म्हणून घुटमळला. शेवटी दानम्मा उठली.

'सरका दोघंबी,' ती म्हणाली. 'माझ्या मालकाच्या दारात पाव्हन्यानं पाणी उपसायची रीत न्हाई. ये गं पंचफुला, धर दांडा.'

पंचफुला आधी बिचकली, मग तिने पदर खोचला. दोघींनी दांडा धरला. गुळगुळ झाली, खोकल्यासारखा आवाज आला आणि पाणी आलं. पहिल्या ओंजळीचं पाणी आईने उमाबाईला दिलं. दुसरं साहेबांना. तिसरं नागप्पाकाकांना, त्यांनी ते प्यायलं नाही, चालत गेले आणि दोस्ताच्या ओट्यावर, मागच्या बाजूला, पाठीकडे ओतलं. मग पुन्हा ओंजळ भरून घेतली आणि प्यायले.

आई म्हणाली, 'मडिवाळा, कवाधरनं कोरडी पूजा करून राहिलास? काढ.'

साहेबांसमोर, कचेरीच्या माणसांसमोर, उमाबाईसमोर त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं, गळ्यातलं लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर घेतलं. खाली, चिंचेच्या मुळापलीकडे, त्याचा बाप असाच बसला होता, तळहात असाच पसरून. मडिवाळप्पाने हात पाण्याखाली धरला. पाणी गार होतं. ते लिंगावरून, बोटांमधून खाली मातीत जात राहिलं, आणि पंचफुला पंप मारत राहिली. तिला कुणीही थांब म्हणालं नाही.